बुगाटीवाल्यांची टेकडी : एका ओनर्स क्लबच्या १९३७ सालच्या निर्णयाचा अभ्यास

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांचा क्लब म्हटला की त्याचं वर्षाचं वेळापत्रक न विचारता सांगता येतं. हिवाळ्यात एखादं प्रदर्शन, अधूनमधून रविवारी पहाटे निघून घाटमाथ्यावर नाश्ता, वर्षातून एक लांबचा दौरा, आणि शेवटी वार्षिक सभा, जिच्यात निम्मा वेळ वर्गणी वाढवावी की नाही यावर जातो. यात वाईट काही नाही. पण दर वेळी तोच रस्ता, तोच नाश्ता आणि तेच फोटो झाले की मंडळी गळायला लागतात. शिवाय ज्या गाडीचं सगळं अंगच पळण्यासाठी घडवलं आहे ती पळवायची कुठे, हा प्रश्न प्रदर्शनाने सुटत नाही आणि नाश्त्याने तर नाहीच.

हा प्रश्न एका क्लबने कसा सोडवला त्याचं हे प्रकरण. क्लब आहे इंग्लंडमधला बुगाटी ओनर्स क्लब, स्थापना १९२९. निर्णय १९३७ सालचा. क्लबने ग्लॉस्टरशायर परगण्यात, चेल्टनहॅमजवळच्या गॉदरिंग्टन गावाशेजारी प्रेस्कॉट नावाची इस्टेट विकत घेतली. बंगल्याची हौस म्हणून नव्हे. त्या इस्टेटीतून टेकडीवर चढत जाणारी एक अरुंद, वळणावळणाची वाट होती, आणि क्लबला ती वाट हवी होती.

हे पाऊल का उचलावं लागलं ते कळायला बारा वर्षं मागे जावं लागतं.

ब्रिटनच्या मुख्य भूमीवर सार्वजनिक रस्त्यावर मोटारशर्यत भरवणं कायद्यात बसत नव्हतं. आयर्लंड आणि आइल ऑफ मॅन इथे रस्ते बंद करून शर्यती होत, कारण तिथले कायदे वेगळे होते. इंग्लंडमध्ये मात्र एक पळवाट चालू होती. गावाबाहेरच्या एखाद्या चढावर एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं आणि वेळ मोजायची. पोलीस काणाडोळा करत, लोक कुंपणावर बसून बघत. मार्च १९२५ मध्ये बकिंगहॅमशायरमधल्या कॉप हिलवर अशाच एका कार्यक्रमात एक गाडी रस्ता सोडून बाजूच्या बांधावर चढली आणि एका प्रेक्षकाचा पाय मोडला. मोटारस्पर्धांना मान्यता देणाऱ्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा कार्यक्रमांना परवानगी देणंच थांबवलं. देशभरातले चढ एका फटक्यात बंद झाले.

कॉप हिलवर बांधावर चढलेली ती गाडी बुगाटीच होती. ब्रेशिया मॉडेलची. चालवणारा ऑक्सफर्डचा विद्यार्थी, आणि त्याने ती घेतली होती रेमंड मेज या त्या काळच्या नामांकित चालकाकडून. मेज यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

बंदीनंतर उरलं काय? सरे परगण्यातला ब्रुकलँड्सचा १९०७ पासूनचा काँक्रीटचा ट्रॅक, जिथे सरळ रेषेतला वेग भरपूर पण रस्त्याची गंमत कमी. वूस्टरशायरमधला शेल्सली वॉल्श, १००० यार्डांचा चढ, १९०५ पासून मिडलँड ऑटोमोबाइल क्लबच्या हाती. १९३३ पासून डॉनिंग्टन पार्कमध्ये मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. बाकी छोट्या क्लबांनी कुणा जमीनदाराची मनधरणी करायची, त्याच्या इस्टेटीतला खाजगी रस्ता एका दिवसापुरता मागायचा आणि संध्याकाळी गवत साफ करून परत द्यायचा. बुगाटी क्लबनेही तिशीच्या दशकात हेच केलं.

उसनवारीचा त्रास असा की मालकाचा मूड, मालकिणीची बाग आणि गावच्या धर्मगुरूंचं रविवारचं मत, या तिन्हींवर कार्यक्रम अवलंबून राहतो. रस्त्यावर पैसे खर्चून डांबर घालावं तर तो आपला नाही. न घालावं तर नाजूक गाड्यांची हाडं खिळखिळी. आणि या गाड्या नाजूकच. १९२४ साली लिआँच्या ग्रांप्रीत आलेली बुगाटीची टाइप ३५ घ्या. दोन लिटरचं आठ सिलिंडरचं सरळ इंजिन, रोलर आणि बॉल बेअरिंगवर फिरणारा, तुकडे जोडून बांधलेला क्रँकशाफ्ट, ॲल्युमिनियमची ओतीव चाकं आणि त्यातच ब्रेकचे ड्रम. तो क्रँक एकदा बोलला की दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक खाली बसतो. आजही बसतो.

१९३७ च्या खरेदीने हे सगळं बदललं. वाटेवर नीट पृष्ठभाग घातला गेला, आणि १९३८ च्या वसंतात टेकडी सुरू झाली. मूळ लांबी ८८० यार्ड, म्हणजे बरोबर अर्धा मैल, आपल्या मापात आठशे मीटरच्या थोडी वर. मे महिन्यातल्या पहिल्या खुल्या स्पर्धेत दिवसातली सर्वांत कमी वेळ नोंदवली ती रेमंड मेज यांनी, पन्नास सेकंदांच्या आत. पण बुगाटीत बसून नव्हे, ईआरए या इंग्रजी रेसिंग कारमध्ये. ज्यांनी विकलेल्या बुगाटीमुळे रस्ते बंद झाले, त्यांनीच बुगाटीवाल्यांच्या टेकडीवर पहिला मान पटकावला आणि तोही दुसऱ्याच कंपनीची गाडी आणून. यजमानांनी चहा देताना कसा चेहरा केला असेल याची कल्पना करायला मजा येते.

या अभ्यासाचा खरा धागा मात्र इथेच आहे. क्लबने पहिल्याच वर्षी दार उघडं ठेवलं. टेकडी आमची, पण धावायला कुणीही या. मार्क क्लब, म्हणजे एकाच कंपनीच्या गाड्यांचा क्लब, सहसा याच्या उलट वागतो. सदस्यत्वाच्या अर्जावर चासी नंबर मागतो, बाहेरच्या गाडीला पार्किंगमध्ये मागची जागा देतो. प्रेस्कॉटने तसं केलं असतं तर काय झालं असतं? फ्रान्समधल्या मोल्सहाइमच्या कारखान्यातून सगळी वर्षं मिळून बाहेर पडलेल्या बुगाटी आठ हजारांच्या आतबाहेर. त्यातल्या ब्रिटनमध्ये किती, त्यातल्या चालू किती, आणि त्यातल्या चढावर जोरात हाकायला मालक तयार असलेल्या किती? तेवढ्यांच्या प्रवेश फीवर टेकडीचं गवतसुद्धा कापून झालं नसतं.

शिवाय काळ वाईट होता. १९३९ च्या उन्हाळ्यात कंपनीचे संस्थापक एत्तोर बुगाटी यांचा मुलगा जाँ स्वतः प्रेस्कॉटला येऊन गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ ऑगस्टला, मोल्सहाइमजवळ चाचणी घेताना समोर आलेल्या सायकलस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात त्याची गाडी झाडावर आदळून तो गेला. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं. १९४७ मध्ये एत्तोरही गेले आणि कारखाना पुन्हा उभा राहिला नाही. १९६३ मध्ये तो हिस्पानो-सुइझा या कंपनीच्या ताब्यात गेला. थोडक्यात, ज्या गाडीच्या नावाने क्लब उभा, ती गाडी बनणंच थांबलं. नवीन सदस्य नव्या गाडीबरोबर येतो हे कुठल्याही ओनर्स क्लबचं साधं गणित असतं. इथे ते गणितच संपलं.

युद्धाने बाकीच्या जागांचं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. ब्रुकलँड्स विमानांच्या कारखान्यांनी गिळला, तिथे शर्यत पुन्हा झालीच नाही. डॉनिंग्टन लष्करी वाहनांचा डेपो झाला आणि शर्यतींना १९७७ पर्यंत मुकला. प्रेस्कॉट १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश हिल क्लाइंब अजिंक्यपद सुरू झालं आणि प्रेस्कॉट त्याचं कायमचं ठिकाण बनलं. १९४८ मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा ५०० सीसीची छोटी कूपर घेऊन आला, कारण शेल्सली वॉल्शच्या यादीत त्याला जागा मिळाली नव्हती. त्याचं नाव स्टर्लिंग मॉस. एका बुगाटी क्लबच्या टेकडीने ब्रिटनचा त्या पिढीतला सर्वांत मोठा चालक पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच्याकडे बुगाटी नव्हती.

१९६० मध्ये क्लबने टेकडी वाढवली. एक नवा फेरा जोडून लांबी ११२७ यार्ड केली, म्हणजे एक किलोमीटरच्या थोडी वर. जुना छोटा मार्गही तसाच राखला. हे शहाणपणाचं होतं, कारण युद्धापूर्वीच्या हलक्या गाड्यांना छोटा मार्गच शोभतो. उंचीचा फरक २०० फूट आहे. आपल्या खंबाटकी किंवा आंबेनळीच्या मानाने हे काहीच नाही, पण खंबाटकीत कुणी ३५ सेकंदांत किलोमीटर कापत नाही. आजच्या वेगवान सिंगल सीटर गाड्या प्रेस्कॉटचा लांब मार्ग साधारण तेवढ्याच वेळात संपवतात.

एका शनिवार-रविवारचं कामकाज कसं चालतं ते जवळून बघू. कुठल्याही क्लबने उचलावं असं इथे बरंच आहे.

पॅडॉक म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा. प्रेस्कॉटला ती झाडांखालच्या उतारावर आहे. प्रेक्षकाला दोरीपलीकडे थांबवत नाहीत. तिकीट काढलेला माणूस थेट गाडीशेजारी जाऊन उभा राहतो, बॉनेट उघडं असेल तर आत डोकावतो, आणि मालक हात काळे असताना त्याला सांगतो की प्लग का बदलतोय. हवेत जळलेल्या एरंडेलाचा वास असतो. जुन्या रेसिंग इंजिनांत एरंडेलावर बनलेलं तेल घालण्याची पद्धत अजून टिकून आहे. ज्यांच्या लहानपणी महिन्यातून एकदा चमचा तोंडात कोंबला जायचा, त्यांना हा वास ओळखीचा वाटेल, फक्त आठवण वेगळी निघेल.

शनिवारी तपासणी आणि सराव, रविवारी मोजलेल्या फेऱ्या, हा नेहमीचा शिरस्ता. प्रत्येकाला साधारण दोन मोजलेल्या फेऱ्या मिळतात आणि त्यातली चांगली वेळ धरतात. गाड्या इंजिनक्षमता आणि वय यांप्रमाणे गटांत वाटलेल्या असतात, त्यामुळे १९२५ च्या गाडीला १९८५ च्या गाडीशी झुंजावं लागत नाही.

पाळी आली की गाडी स्टार्ट लाइनवर येते. टाइप ३५ असेल तर चालक डॅशबोर्डवरच्या हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरतो, कारण त्या दाबानेच पेट्रोल पुढे जातं. मार्शल मागच्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवतो, म्हणजे चढावर गाडी मागे येत नाही आणि चालकाचा पाय ब्रेकवरून मोकळा होतो. हिरवा दिवा लागतो. तो लागताक्षणी सुटायची सक्ती नाही. गाडीने प्रकाशकिरण तोडला की घड्याळ सुरू. चालक श्वास घेतो, आवाज चढवतो, क्लच सोडतो. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना जुन्या ट्रकवाल्यांचं डबल क्लच इथेही लागतं, कारण गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर आपोआप जुळवणारी सोय, नाही. वर पार्डन नावाचं आवळ हेअरपिन वळण आहे. चढ आणि वळण एकदम आल्याने आतलं मागचं चाक हलकं होऊन गरगर फिरतं, धूर निघतो, आणि बघणारे बरोबर तिथेच गर्दी करून बसलेले असतात. मग एसेस नावाची नागमोडी, मग सेमिसर्कल, एक लांबलचक गोल वळण ज्याच्या बाहेरच्या अंगाला जमीन खाली उतरते. तिथे कुणी विनोद करत नाही. त्यानंतर शेवटची रेषा. सगळा कारभार मिनिटाच्या आत.

वर पोचलेल्या गाड्या थांबून राहतात आणि मग एकत्र, सावकाश खाली येतात. बघणारे टाळ्या वाजवतात, चालक हात हलवतात, कुणाच्या मांडीवर हेल्मेट असतं. ज्याची वेळ वाईट आली त्यालाही तेवढ्याच टाळ्या. माझ्या मते लोकांना पुढच्या वर्षी परत आणणारी गोष्ट हीच परतीची रांग आहे, पण ती कुठल्या नियमपुस्तिकेत लिहिलेली नाही.

झेंडे घेऊन वळणावळणावर उभे राहणारे मार्शल हौशी स्वयंसेवक असतात. त्यांच्याशिवाय एकही गाडी सुटत नाही. गाडी नसलेल्या माणसाला क्लबमध्ये मानाची जागा देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

जमा-खर्चाची बाजू थोडक्यात. टेकडी स्वतःची असल्याने तीच कमावते. दुसरे क्लब भाड्याने घेतात. त्यांत १९३४ मध्ये स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब ऑगस्टमध्ये येतो आणि बऱ्याच जणांच्या मते वर्षातला सर्वांत रंगतदार शनिवार-रविवार त्यांचा असतो. ‘ला व्ही आँ ब्लू’ नावाने फ्रेंच गाड्यांचा उत्सव होतो. नवख्यांना चढ शिकवणारी शाळा चालते, तिथे आपली रोजची गाडी घेऊन गेलं तरी चालतं. १९८७ मध्ये तिथेच बुगाटी ट्रस्ट उभा राहिला. त्याच्याकडे कारखान्याची मूळ रेखाचित्रं आणि कागदपत्रं आहेत. सुटा भाग पुन्हा बनवायचा तर माप कुठून आणायचं, या प्रश्नाचं उत्तर टेकडीच्या पायथ्याशीच मिळतं.

डोकेदुखी मात्र कायमची आहे. आजूबाजूला गावं आहेत, आणि इंजिनाचा आवाज आवडणारा शेजारी क्वचितच भेटतो. म्हणून वर्षातले दिवस मोजके, आवाजाला मर्यादा. भिंती, निचरा, कुंपणं, विमा, सगळं क्लबच्या डोक्यावर. कार्यकारिणीवर निवडून येणाऱ्याला कार्ब्युरेटरपेक्षा जमिनीचे कागद जास्त वाचावे लागतात. गाडीच्या प्रेमाने आलेल्या माणसाला हे रुचतंच असं नाही.

आता तुलनेला दुसरं टोक. फ्रान्समध्ये म्युलूझ इथे फ्रिट्झ आणि हान्स श्लुम्फ हे कापड गिरण्यांचे मालक भाऊ होते. फ्रिट्झला बुगाटीचं वेड. १९६४ मध्ये त्याने अमेरिकेतल्या इलिनॉयमधून एकाच माणसाच्या तीस बुगाटी उचलल्या. असं करत शंभरावर बुगाटी एका गिरणीच्या इमारतीत जमा झाल्या, बंद दाराआड, कुणाला न दाखवता. गिरण्या बुडाल्या, पगार थकले, आणि १९७७ मध्ये कामगार आत शिरले तेव्हा त्यांना कळलं की पैसा कुठे उभा होता. त्या गाड्या आज राष्ट्रीय संग्रहालयात झगमगत आहेत आणि जाऊन बघाव्यात अशाच आहेत. पण त्यांना एरंडेलाचा वास येत नाही. प्रेस्कॉटच्या मूठभर बुगाटींचे मडगार्ड ठोकून सरळ केलेले असतात, आणि मला त्याच जास्त जिवंत वाटतात.

मोठा प्रश्न आहे तो किमतीचा. अस्सल टाइप ३५ आता कोटींत जाते. इतकी महाग गाडी सेमिसर्कलला कोण घालणार? अर्जेंटिनातल्या पाराना शहरात पुर सांग नावाची कार्यशाळा टाइप ३५ ची हुबेहूब प्रतिकृती जुन्या पद्धतीने बनवते. शुद्धतावाद्यांना ती बघवत नाही. मी विरुद्ध बाजूचा. अस्सल गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवणाऱ्यापेक्षा प्रतिकृती चढावर रगडणारा मला क्लबच्या जास्त उपयोगाचा वाटतो, फक्त त्याने ती अस्सल म्हणून विकू नये.

बंदीच्या प्रश्नाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ता रीतसर बंद करून मोटारस्पर्धा घेण्याची तरतूद २०१७ मध्ये झाली. कॉप हिलवरही २००९ पासून जुन्या गाड्या पुन्हा चढतात, पण वेळ न मोजता. म्हणजे ज्यांनी उसन्या रस्त्याची वाट पाहिली असती त्यांना ९२ वर्षं थांबावं लागलं असतं.

आपल्याकडची स्थिती १९२५ नंतरच्या इंग्लंडसारखीच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९ : राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगचाचणी हा गुन्हा. ‘आम्ही शर्यत नाही लावली, फक्त वेळ बघितली’ हा बचाव टिकत नाही, वेगचाचणी हा शब्द त्यासाठीच आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, पण तीही उसनी जागा. प्रेस्कॉटच्या वाटेने गेलेलं उदाहरण मद्रासचं. १९५३ मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब अनेक वर्षं शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवायचा. पुढे त्याने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःची जमीन घेऊन ट्रॅक बांधला, तो १९९० मध्ये सुरू झाला.

पुण्या-मुंबईच्या आसपास आजच्या भावाने टेकडी घेणं कुठल्याही हौशी क्लबच्या आवाक्यातलं नाही. पण एखाद्या खाजगी वसाहतीच्या किंवा कारखान्याच्या आवारातला आठशे मीटरचा चढ, पाच-सात वर्षांचा लेखी करार, वर्षातले दोन-तीन रविवार, दारात रुग्णवाहिका, कंपाउंडबाहेर आवाजाचं मोजमाप, शेजारच्या ग्रामपंचायतीला आधी दिलेलं पत्र, आणि एमजी, फियाट, स्टँडर्ड, कुणाचीही गाडी असो, सगळ्यांना प्रवेश, एवढं जमू शकतं. करारात एक कलम आवर्जून घालावं लागेल. पृष्ठभागावर क्लबने केलेला खर्च करार मोडल्यास परत मिळायला हवा, नाहीतर पहिल्या डांबरानंतरच मालकाला ती जागा गोदामासाठी हवी होते.